बोरन्हाणात आलेला मदरबोर्ड

आमच्या यांना कुठलीही वस्तू नुसती वस्तू म्हणून घरात आणता येत नाही. तिला घराणं लागतं. पंखा असो, मनगटी घड्याळ असो, नाहीतर दाढीचं ब्लेड, एकदा एका कंपनीशी सोयरीक जुळली की ती जन्माची. देवासला पंप बनवणाऱ्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात यांची उभी नोकरी गेली. तिथे मंजूर कंपनीचा नसेल तर साधा वॉशरसुद्धा फाटकातून आत येत नसे, आणि हे फाटकाशी उभे राहून तो परत पाठवत. निवृत्त झाले, निरोपाची शाल घेतली, आणि ते फाटक उचलून आमच्या घराला बसवलं.

आता कॉम्प्युटरचं म्हणाल, तर त्याच्या मेंदूचे, म्हणजे ज्याला प्रोसेसर म्हणतात त्याचे, बनवणारे मोठे असे दोनच. बाजारात पोरंसोरं एकीला निळी कंपनी म्हणतात आणि दुसरीला लाल. मीही तेच म्हणेन, मला कुणाची जाहिरात करायची नाही. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तो निळ्या कंपनीचा होता, हे त्याच्यावर बोटाने टकटक करत टायपायला शिकले, आणि बास. तेव्हापासून हे निळे. लाल कंपनीचं नाव काढलं की चेहरा असा करतात, जसं कुणी लग्नाच्या पंगतीत कांदा-लसणाची चौकशी केली आहे.

आणि आमचे व्याही याच्या बरोबर उलटे. ते धारचे. तिकडच्याच आडवळणाच्या गंधवानीच्या शाळेत वर्षानुवर्षं मास्तर होते आणि शाळेतले कॉम्प्युटर, कुणीच हात लावायला तयार नसल्यामुळे, त्यांच्या गळ्यात पडले होते. गंधवानीला कुठल्या कंपनीचा माणूस यायचा? फोन केला की "आ रहे हैं सर, आ रहे हैं," आणि येणारा कधीच यायचा नाही. मग व्याहीबुवा एकाचं धड आणि दुसऱ्याचं शिर जोडून पोरांना शिकवायचे. त्यामुळे कंपनीच्या नावाचं त्यांना काडीचं कौतुक नाही. "विहीणबाई, नाव काय चाटायचंय? दिल्या पैशाला काम किती होतं ते बघायचं," हे त्यांचं ब्रीद. त्यावर आमचे हे लगेच, "सस्ता रोए बार बार." त्यावर ते, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." दोघं एकमेकांना अहो-जाहो करत, पानाचं तबक पुढे सरकवत, अत्यंत गोड आवाजात भांडतात. व्याही असल्यामुळे भांडता येत नाही ना मोकळेपणी! मला तर कधीकधी वाटतं, एकदा होऊन जाऊ दे हातघाई, मी पदर खोचून पंच होते.

तर झालं असं, की सूनबाईला कॉम्प्युटर हवा होता.

सूनबाई घरांची चित्रं काढते. म्हणजे घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल, दारातून आत आल्यावर ऊन कुठे पडेल, जिना कसा वळेल, हे सगळं कॉम्प्युटरवर उभं करते. आपण चालत चालत त्या घरातून फिरून येतो आणि घराचा मात्र अजून पायाही खणलेला नसतो. लग्नाआधीपासून ती इंदूरच्या एका आर्किटेक्टकडे हे काम करायची. लग्न होऊन देवासला आली, रोज बसने इंदूर-देवास करायची, हसत करायची. मग आमची नात झाली आणि सुट्टी घेतली. सुट्टी संपायला आली तसं त्या आर्किटेक्टने सांगितलं, घरून काम करता येईल, पण आधी एका बंगल्याचं अख्खं काम घरून करून दाखव, संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत. जमलं तर जमलं. नाही जमलं तर ऑफिसात येऊन बस, नाहीतर त्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसेल. माणूस वाईट नव्हता, पण धंद्यापुढे कुणाचं बाळ मोठं असतं?

तिचा जुना लॅपटॉप हे काम करायला बसला की आधी गरम व्हायचा, मग घरघरायचा आणि मग मान टाकायचा. एक जिना वळवायला त्याला अख्खी दुपार लागायची. नवा कॉम्प्युटर तयार घ्यायचा तर तसला फार महाग पडतो. सुटे भाग घेऊन जोडला तर बरा पडतो आणि कामही जास्त करतो, असं ती म्हणाली.

इथे माझं डोकं चाललं. आणि माझं डोकं चाललं की घरात काहीतरी होतंच, असं आमचा मुलगा म्हणतो. तो पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, घरी येतो तो झोपायला. त्याला आईवर विनोद करायला बरा वेळ मिळतो.

नातीचं पहिलं बोरन्हाण होतं. सगळीकडून फोन सुरू झाले होते, बाळाला काय आणू, काय हवंय. बारशाला काय काय आलं होतं ते मी बघितलं होतं. चांदीच्या वाट्या. इतक्या, की पोर कॉलेजात जाईपर्यंत रोज नव्या वाटीत वरणभात खाऊ शकेल. मी म्हटलं, पुरे. जो फोन करेल त्याला ठणकावून सांगितलं, "वाटी नको, चमचा नको, झबलं तर मुळीच नको. बाळाच्या आईला कॉम्प्युटर जोडायचाय, त्याचा एकेक भाग आहेर म्हणून द्या. बाळाला आई घरात मिळेल, याहून मोठा आहेर कुठला?"

कल्पना सगळ्यांना भलतीच आवडली. माझा भाऊ बागलीहून म्हणाला, मेमरी माझी. मुलगा म्हणाला, ग्राफिक्स कार्ड मी घेतो. व्याहीबुवा म्हणाले, "प्रोसेसर आजोबांकडून." आणि हे कसे मागे राहतील? "मदरबोर्ड माझा," म्हणाले. मदरबोर्ड म्हणजे ज्या पाटीवर बाकी सगळे भाग बसवतात ती. मी म्हटलं झालं, माझं काम फत्ते.

आता यात एक गोष्ट सांगायला हवी, ती आमच्याकडची रीत. आमच्या लोकांत आहेर काय आणणार हे विचारायचं असतं, पण कुठला, केवढ्याचा, कुणाकडचा, हे विचारायचं नसतं. विचारलं तर त्याचा अर्थ किंमत विचारली असा होतो. आणि ज्याला आहेर मिळणार त्याने तर तोंडातून अक्षर काढायचं नाही. सूनबाईने दोनदा मला म्हणायचा प्रयत्न केला, "आई, एक बार मला विचारून घेतलं असतं ना तर..." आणि मीच म्हटलं, "तू गप्प बैस गं, तुला काय कमी पडू देणार आहोत का आम्ही?" झालं. दोन घरांतले दोन जाणते पुरुष दोन दिशांनी इंदूरच्या बाजारात गेले आणि आपापल्या निष्ठेप्रमाणे खरेदी करून आले.

बोरन्हाण अगदी झोकात झालं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याच्या बांगड्या. पाटावर बसवल्यावर नात आधी भेदरली, मग डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे पडायला लागले तशी खिदळायला लागली, आणि मुकुटातला हलवा काढून तोंडात घातला. गल्लीतली पोरं "ए भिया, वो बेर मेरा!" करत पाटाखाली घुसली. व्याहीबुवा कोपऱ्यात उभं राहून नुसते बघत होते. आमच्या विहीणबाई नाहीत, सूनबाई कॉलेजात असतानाच गेल्या. त्यामुळे अशा दिवशी त्यांचा चेहरा बघून मला भरून येतं. जुन्या वळणाचा माणूस. मुलीला मूल होईपर्यंत आमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. नात झाली आणि मग कुठे आमच्याकडे जेवायला बसले.

पाहुणे गेले, जेवणं आटोपली, आणि हे हौसेने खोकी उघडायला बसले. व्याहीबुवा शेजारी. मी सुपारी कातरत होते. यांनी प्रोसेसरचं खोकं हातात घेतलं, चष्मा वर केला, खाली केला.

"लाल?" हे म्हणाले.

व्याहीबुवांनी मदरबोर्डाचं खोकं पाहिलं. "निळा?" ते म्हणाले.

मला वाटलं रंगपंचमीबद्दल बोलतायत. सूनबाईने सांगितलं तेव्हा कळलं. लाल कंपनीचा प्रोसेसर निळ्या कंपनीसाठी केलेल्या पाटीवर बसतच नाही. खाचाच वेगळ्या. दोनातलं एक परत गेल्याशिवाय त्या दोन भागांचा संसार होणार नव्हता.

तुम्ही म्हणाल, एक बदलून आणायचं, त्यात काय एवढं? अहो, आहेर बदलत नाहीत! आहेर परत केला म्हणजे देणाऱ्याचा मान परत केला. त्यात एक मुलीचा बाप आणि एक मुलाचा बाप. व्याहीबुवा हात जोडून म्हणाले, "चूक माझी. मी आधी विचारायला हवं होतं. मी प्रोसेसर बदलून आणतो." हे म्हणाले, "छे छे, भलतंच! तुमचा आहेर मी परत जाऊ देईन? मी बोर्ड बदलतो." ते म्हणाले, "असं कसं, मुलाकडच्यांना त्रास..." हे म्हणाले, "मुलाकडचे आणि मुलीकडचे काय, आता आपण एक..." मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, बघा, खानदानी माणसं कशी असतात.

पण दोघांपैकी उठून कुणी जाईना. कारण प्रत्येक जण मान देऊन झाला की हळूच पुस्ती जोडायचा. हे म्हणायचे, "अर्थात, निळ्याचा भरवसा वेगळा. कारखान्यात एकदाही बंद पडला नाही." ते म्हणायचे, "भरवसा आहेच हो, पण त्याच पैशात लाल जास्त काम देतो, एवढंच आपलं." मग हे पुन्हा, "पण बदलतो मीच." आणि ते, "नाही नाही, मीच." सोमवार गेला. मंगळवार गेला. व्याहीबुवांनी धारला परत जायचं पुढे ढकललं, म्हणे हा तिढा सुटल्याशिवाय कसा जाऊ. दोघं रोज देवीच्या टेकडीच्या बाजूला फिरायला जायचे, जाताना एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत दारात अडकायचे, आणि परत येऊन पुन्हा तेच. वर व्याहीबुवांनी कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबाही आणला होता, एसएमपीएस म्हणतात त्याला. दुकानदाराने वर घालून दिलेला, कुठल्या कंपनीचा ते देवाला माहीत. आमच्या यांनी तो तळहातावर तोलला आणि फक्त, "हलका आहे," एवढंच म्हणाले. आयुष्यभर स्टोअरमध्ये वस्तू तोलून घेतलेला माणूस "हलका आहे" म्हणतो तेव्हा ती शिवी असते. ते व्याहीबुवांनाही कळलं.

बाकीचे भाग बिचारे जेवणाच्या टेबलावर खोक्यांत बसून होते. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

बुधवारी सकाळी मी पोळ्या करत होते. सूनबाई नातीला कडेवर घेऊन ओट्याशी आली. म्हणाली, "आई, सोमवारपासून हिला तुम्ही संभाळाल का? मी सोच रही थी की मी बसने ऑफिसलाच जाते. सकाळची बस पकडेन, संध्याकाळी सातपर्यंत येऊन जाईन."

मी म्हटलं, "का? आणि ती चाचणी?"

"वो तो अब होणार नाही आई. चार दिवस राहिले. मशीनच नाही तर काय करू?" तिने हे अगदी साधं सांगितलं, कुणावर चिडून नाही. आणि नातीच्या केसांतून हात फिरवत राहिली. नात अजून अंगावर पीत होती. सातपर्यंत!

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेली. पोळी तव्यावरच राहिली. मी लाटणं हातात घेऊनच बाहेरच्या खोलीत गेले. दोघं चहा पीत बसले होते आणि यांचं चाललं होतं, "मी काय म्हणतो, बोर्ड मीच बदलतो, पण तत्त्व म्हणून बघितलं तर..."

"तत्त्व घाला चुलीत!" मी म्हटलं. व्याह्यांसमोर मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. व्याहीबुवा उठूनच उभे राहिले. "आहेर कुणाला दिलाय? तुम्हाला? तुम्हाला? तिला दिलाय ना? त्या यंत्रावर काम कोण करणार आहे? मग तिला का नाही विचारत कुणी? पोरगी तिकडे बसचं वेळापत्रक बघतेय आणि तुम्ही इथे मानपान वाटताय!"

दोघांनी दाराकडे पाहिलं. सूनबाई माझ्यामागोमाग आली होती आणि आता तिला वाटत होतं की आले नसते तर बरं. मला तिची दया आली, पण मी माघार घेतली नाही. म्हटलं, "बोल. कुठलं हवं?"

आता हा प्रश्न वरून प्रोसेसरचा दिसतो. पण त्या खोलीत तो तसा नव्हता, हे आम्हा चौघांनाही कळत होतं. लाल म्हणाली तर माहेरचं राखलं आणि सासऱ्याचा आहेर त्याच्या तोंडावर परत केला. निळा म्हणाली तर बापाला खाली पाहायला लावलं. मुली अशा वेळी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. "तुम्ही ठरवाल ते." मीही सगळा जन्म तेच म्हटलंय.

सूनबाईने यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पप्पा, मला लाल वालाच पाहिजे."

ती यांच्याकडेच बघत होती. "निळा खराब नाहीये पप्पा. तुमचा काम त्याच्यावर चांगलाच होईल. पण माझ्या कामात ना, एकाच वेळी खूप सारं चालतं. जसं आपण घरी लाडू वळायला सगळे बसतो ना, तसं. या वाल्यात वळणारे हात जास्ती आहेत, तेवढ्याच पैशात. म्हणून तो. बाबांनी दिला म्हणून नाही." मग वडिलांकडे वळली. "आणि बाबा, तो हलका डबा पण परत जाईल. त्याच्यात पप्पा म्हणतात तेच बरोबर आहे. तिथे पैसे वाचवायचे नाहीत, एक बार जळला तर सगळं जाईल. तो चांगल्या कंपनीचा घेऊ. मला काम करायचंय, एवढंच. सॉरी."

व्याहीबुवांनी मान खाली घातली. हे खुर्चीत तसेच बसून होते, बशीत चहा ओतलेला, पीत नव्हते. मला आमच्या यांचा स्वभाव माहीत आहे. राग आला की ओरडत नाहीत, चार दिवस जेवताना मीठ मागत नाहीत. मी म्हटलं, आता आठवडाभर अळणी.

हे उठले. खोकं उचललं, पावती आत आहे का बघितली. मग तिला म्हणाले, "कपडे बदलून ये. तूच चल बरोबर. त्या लालवाल्यांच्या बोर्डातलं मला काही कळत नाही, मला दुकानदार गंडवेल." एवढं बोलून बूट घालायला गेले. पाठमोरे होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही. पण बूट घालता घालता स्वतःशी म्हणाले, "लाडू वळणारे हात. हे बरं सांगितलं. कुणी आधी असं सांगितलंच नाही."

ती दोघं इंदूरच्या बसने गेली, आणि व्याहीबुवा धारला जायला निघाले. मी दारापर्यंत पोचवायला गेले तर ते थांबले आणि त्यांनी मला हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "विहीणबाई, पोरीला आई नाही. बोलून गेली. तिला पदरात घ्या, तिचं मनावर घेऊ नका."

मला कसंसंच झालं. एवढा शहाणा, पोरांना शिकवलेला माणूस, आणि मुलीने आपल्याला काय हवं ते सांगितलं याची माफी मागत होता. मी म्हटलं, "व्याहीबुवा, हात खाली घ्या आधी. ती काही चुकीचं बोलली नाही. तीस-एक वर्षं मी या घरात आहे, मला असं एकदाही बोलता आलेलं नाही. तिचं कौतुक वाटतंय हो मला. खरं सांगू? हेवा वाटतोय." त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. मग हसले, डोळे पुसले, आणि म्हणाले की चालू झाला की फोन करा.

गोष्ट ताणायची मला सवय नाही, म्हणून सांगून टाकते. बोर्ड आला, वजनदार डबा आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर जोडणी झाली. हे स्क्रू मोजून वाटीत काढून देत होते, चांदीच्याच, बारशातली एक निदान उपयोगी पडली. जोडून झाल्यावर मी हळदकुंकू आणलं, तर सूनबाई ओरडली, "आई, अक्षता नको, पंख्यात जातील!" बटण दाबलं तर ढिम्म. काही नाही. यांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला आणि लाल खोक्याकडे असं बघितलं की बस्स. तोंडातून "मी म्हटलं होतं" चं "मी" निघालंसुद्धा होतं. सूनबाईने मागे हात घालून डब्याचा खटका खाली केला आणि सगळं घरघर न करता, गुपचूप सुरू झालं. यांनी ते "मी" गिळलं आणि म्हणाले, "मी चहा ठेवतो."

सोमवारी तिने काम पाठवलं. मला आधी दाखवलं. अजून न बांधलेल्या घराच्या दारातून मी आत गेले, जिन्यावर उन्हाची तिरीप पडली होती, आणि जिना कुठेही न अडखळता वळला. आर्किटेक्टचा होकार दोन दिवसांनी आला. तेव्हापासून ती माळ्यावरच्या खोलीत काम करते, नात भुकेने रडली की खाली येते, पाजते, वर जाते. व्याहीबुवांना फोन मीच केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला तेवढा.

होळीच्या आधी आमचा मिक्सर गेला. पुरणाला बसले होते आणि धूर निघाला. हे लगेच बूट घालायला लागले. "आणतो," म्हणाले, "आपल्याच कंपनीचा." पहिला मिक्सर या कंपनीचा, दुसरा हाच, हा तिसराही तोच. मी तो कधी निवडला नव्हता, मी त्यात फक्त वाटलं होतं.

मी म्हटलं, "थांबा. मी येते."

"तू कशाला? उन्हाचं?"

"वाटणार कोण आहे?" मी म्हटलं. माळ्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि सूनबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली, आणि हसू लपवण्यासाठी तिने नातीला तोंडापुढे धरलं.

दुकानात मी घाई केली नाही. दुकानदार नावं सांगत होता, वॉट सांगत होता, "माताजी ये तो बेस्ट कंपनी है" म्हणत होता, आणि मी एकेक भांडं उचलून बघत होते. आमच्या मिक्सरच्या भांड्याची मूठ जाड, आणि माझा हात लहान. भरलेलं भांडं मला कधीच एका हाताने उचलता आलं नाही. इतकी वर्षं मी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलायची, आणि मला वाटायचं, भांडी अशीच असतात. चौथं की पाचवं भांडं उचललं आणि माझी बोटं त्या मुठीभोवती पुरी फिरली, अंगठ्याला येऊन टेकली. मी त्यात पाणी भरून मागितलं आणि एका हाताने उचललं. दुकानात उभ्या उभ्या मला रडू आलं. मिक्सरसाठी रडणारी बाई त्या दुकानदाराने पहिल्यांदाच बघितली असेल, आणि आमच्या यांनीही. हे गोंधळून माझ्याकडे आणि भांड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काही न विचारता खिशात हात घातला.

घरी आल्यावर सूनबाई धावत खाली आली. "आई, कुठल्या कंपनीचा आणला?"

मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. दोघांनाही सांगता येईना.

"माझ्या हातात बसतो," मी म्हटलं.